गणपतीआधी रंग? बाहेरच्या खिडक्यांना तरी नको

कोकणात रंगाचं काम म्हटलं की मुहूर्त एकच, गणपती. जुलै लागला की फोन सुरू, दादा येऊन बघून जा, चाकरमानी यायच्या आत घर चकाचक पाहिजे. आतल्या भिंतींचं एकवेळ चालून जातं, पण बाहेरच्या लाकडी खिडक्या त्या दिवसांत रंगवणं म्हणजे ओल्या टॉवेलला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबणं. लाकडातली ओल बाहेर यायला बघते, वरून ऑइल पेंट तिला सोडत नाही, मग ऊन पडलं की फोड. मी हे स्वतः करून बसलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा गुहागरकडच्या एका घराच्या नऊ खिडक्या ऑगस्टमध्ये मारल्या, मधे चार दिवस उघडीप मिळाली म्हणून. गणपतीत सगळ्यांनी कौतुक केलं, आणि शिमग्याला गेलो तर पश्चिमेकडच्या चार खिडक्यांचा रंग नखाने सोलून निघत होता, अख्खी पट्टीच्या पट्टी. सगळं परत फुकटात करून दिलं, काय करणार.

तर वेळ कुठली, तर दिवाळीनंतर महिनाभर तरी जाऊ द्या, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत आरामात करा. लाकूड सुकलंय का ते कळायला सोपी ट्रिक आहे, चौकटीच्या खालच्या भागात जिथे रंग उडालाय तिथे वीतभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दमट दिसलं तर अजून आठ दिवस थांबा.

आता रंगाचा डबा उघडायच्या आधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या. खिडकीत सगळ्यात आधी कुजतो तो खालचा आडवा दांडा आणि त्याला मिळणारे उभ्या दांड्यांचे पाय, कारण पाणी तिथेच येऊन बसतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सागवान, फणस, किंजळ काहीही असो, चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, टक्क आवाज येतो. कुजलेलं असेल तर चहात बुडवलेल्या पावात घुसावं तसं आत जातं. थोडंसंच असेल तर कुजकं सगळं खरवडून कोरड्या लाकडापर्यंत जा आणि दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे एम-सीलसारखं, दाबून भरा. बोटभरापेक्षा जास्त खोल गेलं तर सुताराला बोलवा, पेंटरच्या हातात ते काम नाही, रंगाखाली झाकलं तर पुढच्या पावसाळ्यात चौकट हातात येईल.

आणि झडपेची, म्हणजे उघडझाप होणाऱ्या पल्ल्याची, खालची कड बघा. ही गोष्ट मी प्रत्येक घरात बघतो, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून झडपेखाली धरा, दहात आठ वेळा तिथे कोरं लाकूड दिसेल. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे उघडी असतात, आणि लाकूड पाणी पितं ते टोकातूनच, स्ट्रॉसारखं. वरून कितीही भारी रंग मारा, खालून पाणी चढत असेल तर फुकट आहे. त्यामुळे जमलं तर झडप बिजागऱ्यांतून उतरवूनच काम करा, आणि उतरवताना कुठली झडप कुठली ते आतल्या कडेवर पेन्सिलने नंबर टाका, नाहीतर परत बसवताना अर्धा दिवस जातो.

जुना रंग सगळाच काढायला पाहिजे असं नाही. ब्लेडने फुलीसारख्या चिरा मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट बसवून झटक्यात ओढा, रंग पट्टीबरोबर आला तर काढा, नाही आला तर तो आपला नवीन रंगाचा पाया समजा आणि फक्त घासून त्याची चमक घालवा. काढायला खरवडायचा पत्रा आणि रंग मऊ करणारा रिमूव्हर वापरा. ब्लो लॅम्प, म्हणजे ज्योतीने रंग जाळून काढणं, मला पटत नाही, काच तडकते, आणि जुन्या रंगात शिसं असायचं ते जाळलं की नाकात जातं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम 2016 साली निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधीचे थर असतील तर शिसं आहे असंच धरून चला. कोरडं घासू नका, पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा, लहान पोरांना लांब ठेवा, खाली ताडपत्री टाका आणि पापुद्रे गोळा करून पिशवीत भरा. खिडकीखाली अळूचा वाफा असतो बऱ्याच घरात, तिथे पाडलेत तर तेच फदफद्यात येणार. ओलं घासल्यावर दोन-तीन दिवस उन्हात नीट सुकू द्यायचं हे वेगळं सांगायला नको.

समुद्राजवळचं घर असेल तर घासायच्या आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने खिडकी धुऊन घ्या, खारं राहिलं तर त्यावर रंग धरत नाही. पेपर 80 नंबरने सुरू करून 120, मग 180, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासा. धारदार कडा जरा गोल करा, धारेवर रंग टिकत नाही, सगळ्यात आधी तिथूनच उडतो. कोरं सागवान असेल तर अस्तराच्या, म्हणजे प्रायमरच्या, आधी थिनरच्या फडक्याने पुसा कारण सागाला अंगचं तेल असतं. लोखंडी गज असतील तर गंज घासून त्यांना वेगळा रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा प्रायमर, आणि गज जिथे लाकडात शिरतो ती जागा मन लावून करा, सगळा गंज तिथूनच फुगतो.

आता एक भांडणाचा विषय. लांबी, म्हणजे खड्डे-भेगा भरायची तेलाची पुट्टी, आधी की अस्तर आधी? बरेच जण कोऱ्या लाकडावरच लांबी ओढतात कारण पटकन होतं. चूक आहे. कोरं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, लांबी कोरडी पडते आणि वर्षात खपली निघते. आधी वूड प्रायमर, पहिला हात जरा पातळ, आणि जिथे जिथे लाकडाचं टोक उघडं आहे तिथे तीनदा, पिईल तेवढा पाजायचा. तो सुकला की लांबी, फक्त खिळ्यांच्या खड्ड्यात आणि भेगांत, अख्ख्या चौकटीवर नाही. आणि भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उरलीय म्हणून लाकडात भरू नका हो, लाकूड फुगतं आटतं, ती नाही हलत, सरळ सुटून येते. मग 220 चा पेपर आणि प्रायमरचा अजून एक हात.

एवढं झालं की खरा रंग, दोन हात, बाहेरसाठीचा चांगला एनॅमल. 1 लिटरमध्ये एका हाताचे साधारण 100 ते 120 चौरस फूट होतात. टर्पेंटाइन डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त घातलं की रंग पळतो आणि ओघळ येतात. दोन हातांमधे एक रात्र नाही, पूर्ण दिवस द्या, मधे 320 ने हलकं घासा. आधी काचेभोवतीच्या पट्ट्या, मग झडपेचे आडवे, मग उभे, शेवटी चौकट. काचेवर रंग एखाद दोन मिलिमीटर चढू द्या मुद्दाम, तेवढ्याने काच आणि लाकडातली फट बंद होते, पाणी आत जात नाही. मास्किंग टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढा. आणि उन्हाच्या मागे मागे फिरा, म्हणजे सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या, तापलेल्या लाकडावर ब्रश लावायचा नाही. थंडीत दव पडतं म्हणून चार वाजता हात धुवायचे, नाहीतर सकाळी चमक गेलेली असते.

तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीच्या तेलाची तर नाहीच, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून सुकवा.

रंग झाल्यावर दोन-तीन दिवस झडपा कडी लावून बंद करू नका, चिकटतात आणि उघडताना रंग घेऊनच येतात. रात्री बंद करावीच लागली तर मधे प्लॅस्टिकची पट्टी घाला. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवलात तर वर साय धरते, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर शेड नंबर आणि तारीख लिहा. पुढच्या दिवाळीनंतर खालच्या कडेला एखादी चीर दिसली तर तेवढ्यापुरतं घासून त्याच बाटलीतलं लावता येतं, पेंटरला फोन करायची गरज नाही.