बी फॉर्म भरण्याआधी सोसायटीत एक फेरी मारा

जानेवारी आणि जुलै जवळ आले की सोसायटीच्या ऑफिसात फाइल शोधायची धावपळ सुरू होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म वर्षातून दोनदा द्यावा लागतो, परवानाधारक एजन्सीकडून. पण माझी कळकळीची विनंती आहे, फाइल राहू द्या आणि आधी पंप रूममध्ये जा.

तिथे आगीच्या पंपाच्या पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वर आहे का बघा. आमच्याकडे तो कित्येक महिने बंद होता. पंप सारखा सुरू होतो म्हणून कुणीतरी बंद केला आणि मग कुणालाच आठवलं नाही. पंप सारखा सुरू होत असेल तर पाइपात कुठेतरी गळती आहे, ती शोधायला हवी. डिझेल पंप असेल तर बॅटरी आणि डिझेल दोन्ही तपासा. टाकीही उघडून बघा, कारण पाणीकपातीच्या दिवसांत आगीसाठी राखलेलं पाणी हळूच वापरात येतं.

मग एजन्सीच्या माणसाला घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, होज म्हणजे आग विझवायचा पाइप जोडा आणि हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडायला लावा. जोर तिथेच कळतो, तळमजल्यावर पाणी उडालेलं बघून समाधान मानू नका. होजच्या पेट्या एकेक उघडा. पितळी नोझल भंगारात विकलं जातं, त्यामुळे पेटीला काच आहे आणि आत काहीच नाही, असं सर्रास आढळतं. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिनेचं सील शाबूत हवं, रिफिलची तारीख वाचता यायला हवी.

सगळ्यात अवघड काम जिन्याचं. चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या, जुनी गादी. शेजाऱ्यांशी वाईटपणा येतो, तरी हे हटवाच. धुराने भरलेल्या जिन्यात माणूस भिंत चाचपडत उतरतो आणि पहिल्या अडथळ्याला पडतो. विजेच्या डक्टमध्ये झाडू, रद्दी, रंगाचे डबे ठेवलेले असतात, तेही आजच काढा. गच्चीच्या दाराला कुलूप नको. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेल्या जागेत, मंडळाचं सामान नको. बंब आत वळेल एवढी जागा गेटपासून मोकळी ठेवा.

आता फाइल. अग्निशमन दलाची एनओसी, मंजूर नकाशा, मागचे बी फॉर्म, एजन्सीच्या परवान्याची मुदत. चाचणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो फॉर्म पुढे पाठवू नका.

शेवटी वॉचमनपाशी बसा. 101 लावून पत्ता नीट सांगता येतो का, मेन स्विच कुठे आहे, हे त्याच्याकडून करून घ्या, रात्रपाळीवाल्याकडूनही. आणि ज्यांना जिना उतरवत नाही अशा आजी-आजोबांचे फ्लॅट नंबर त्याच्या टेबलावर लिहून ठेवा.