जुन्या बंबाचं ऑइल गळतंय? वरून खाली शोधत या

नाशिकच्या मखमलाबादजवळच्या एका मळ्यात पत्र्याच्या शेडखाली आग विझवायचा एक जुना बंब उभा असतो. टाटा-मर्सिडीज. नाकावर अजून तीन टोकांची चांदणी आहे, म्हणजे गाडी टाटा आणि मर्सिडीजवाल्यांचा जुना करार चालू होता तेव्हाची, १९५४ ते १९६९ मधली. मालकांना मी दादा म्हणतो. दर १४ एप्रिलला ते गाडी बाहेर काढतात. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. मार्चमध्ये दादांचा फोन आला, "भाऊ, क्लचखाली ऑइलचं डबकं झालंय. मागचं सील गेलं बहुतेक. गिअरबॉक्स उतरवायला कधी येता?"

मागचं सील म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, मागून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारं सील. मी म्हटलं, आधी धुवून बघू.

बारा वर्षांपूर्वी मी असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या एका जुन्या डिझेल गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील काढलं, तर सील ठणठणीत. ऑइल येत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. तिथून ते ब्लॉकच्या पाठीवरून उतरायचं, क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगमध्ये शिरायचं आणि क्लचखाली टपकायचं. त्या माणसाचे तीन दिवस आणि मजुरी माझ्यामुळे वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून थेंब कुठे पडतो यावर मी सील ठरवत नाही.

बंबाखाली शिरण्याआधी पाण्याची टाकी रिकामी करा. पूर्ण रिकामी. चार हजार लिटर पाणी म्हणजे चार टन वजन, आणि अर्धवट भरलेलं पाणी आत हेलकावे खातं. जॅकवर अशी गाडी ठेवून खाली झोपायचं नाही. पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, चेसीखाली जाड स्टँड, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. आणखी एक. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांडा पंपात शिरतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतून, थेंब थेंब पाणी येत असेल तर ते बंद करायला जाऊ नका. ग्लँडमध्ये दोरीचं पॅकिंग असेल तर ते गार राहायला ते पाणी लागतंच.

आता इंजिन धुवा. डिझेल आणि ब्रश घ्या, मातीचे थर पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग हवा मारून कोरडं करा. कोरडं झालं की अंगाला लावायची साधी पावडर पातळ कापडात बांधून पुरचुंडी करा आणि ती ब्लॉकवर, टॅपेट कव्हरच्या कडेला, टायमिंग कव्हरवर, फिल्टरच्या बुडाशी हलक्या हाताने आपटा. सगळं पांढरं झालं पाहिजे. बॅटरी जोडून इंजिन चालू करा, पण नुसतं आयडलवर ठेवू नका. टाकीत थोडं पाणी घ्या, पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा गिअर, टाकून पंप चालवा आणि तेच पाणी टाकीत परत फिरवा. बंब एका जागी उभा राहून तासन्‌तास काम करतो, समोरून वारा लागत नाही, ऑइल तापून पातळ होतं. गळती दिसते ती तेव्हाच. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून टॉर्च मारा. पांढऱ्यावर काळी रेघ दिसेल. तिचं वरचं टोक शोधा.

दादांच्या गाडीत रेघा दोन निघाल्या. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, दुसरी ऑइलच्या पाइपाच्या बँजो बोल्टपाशी, म्हणजे ज्याच्या पोटातून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टपाशी. मागच्या सीलच्या बाजूला काहीच नव्हतं.

कुठलंही पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, काढून बघा. तो चिखलाने बुजला असेल तर इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो, आणि नवं पॅकिंगही महिन्याभरात ओलं होतं. दादांचा ब्रीदर काळ्या लोण्यासारख्या मळीने भरला होता. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. ब्रीदर साफ असूनही ऑइल भरायच्या तोंडातून धूर भकाभका येत असेल, तर दुखणं पिस्टन रिंगचं आहे; पॅकिंग बदलून ते जाणार नाही.

टॅपेट कव्हरचं कॉर्क वर्षानुवर्षं उन्हा-थंडीत उभ्या गाडीत बिस्किटासारखं होतं, बोटाने मोडतं. नवं बसवण्याआधी कव्हर सपाट काचेवर पालथं ठेवा आणि कडेखालून प्रकाश दिसतो का बघा. आधीच्या कोणीतरी बोल्ट आवळून आवळून भोकांच्या भोवतीचा पत्रा आत दाबलेला असतो. तिथे आतून गोल तोंडाच्या हातोडीने, खाली लाकडी ठोकळा धरून, हलके ठोके द्या. ही पाच मिनिटं वाचवली तर सगळं काम फुकट. कॉर्क फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडं ठेवा. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे, लहान पान्याने. कॉर्क कडेने जरासं फुगलं की थांबायचं. इथे ताकद लावणारा माणूसच गळती करतो. चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑइलच्या तबकाचं, पॅकिंग बदलायचं असेल तरी रीत हीच.

बँजोचे तांब्याचे वॉशर नवे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जुनाच चिमट्यात धरून गॅसच्या शेगडीवर लालबुंद करा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं, वरची काळी पापडी निघून जाते. बारीक इमरी पेपर काचेवर ठेवून दोन्ही बाजू घासा. माझ्या वस्तादांनी हे मला शिकवलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, अजून तसंच करतो.

खरंच मागचं सील गेलं असेल तर तो वेगळा उद्योग आहे. या पिढीच्या बऱ्याच इंजिनांत तिथे रबरी सील नसतं, दोरी असते. आधी खाली पडणाऱ्या ऑइलचा वास घ्या. उग्र, गंधकासारखा आला तर ते गिअरबॉक्सचं आहे, इंजिनाचं नाही. दोरीतून रात्रभरात दोन-चार थेंब येत असतील तर गाडी तशीच ठेवा, ऑइल बघत राहा. धार लागली तरच उघडा. नवी दोरी आदल्या रात्री ऑइलमध्ये भिजवून खाचेत गोल दांड्याने नीट दाबून बसवायची असते. वरचा अर्धा भाग नीट बसवायला बहुतेक वेळा क्रँक खाली घ्यावी लागते, तेव्हा हे काम मळ्यात करू नका.

निघालेलं काळं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. नाल्यात ओतलेलं शेवटी गोदावरीतच जातं.

काम झालं की पुन्हा पंपावर अर्धा तास चालवा, गार होऊ द्या आणि कव्हरचे बोल्ट एकदा पाव आटा बघा. रात्री इंजिनाखाली द्राक्षाच्या पेटीचा कोरा पुठ्ठा सरकवा. दादांनी सकाळी साडेसहाला पुठ्ठा ओढला आणि मला फोटो पाठवला. कोपऱ्यात एका मांजराच्या पायाचे ठसे होते, बाकी कोरा.