घरच्या सुतारकामातली धूळ : या चुका टाळा

बंद बाल्कनीत किंवा घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत सुतारकाम करणारी बहुतेक मंडळी जमिनीवरचा भुसा गोळा केला की खोली स्वच्छ झाली असे मानतात. वास्तविक तो भुसा जड असतो, म्हणूनच खाली बसतो. खरा अपाय होतो तो दहा मायक्रॉनपेक्षाही (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धुळीने, कारण ती मशीन बंद झाल्यावरही कितीतरी वेळ हवेत राहते आणि श्वासाबरोबर आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर सँडरला, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनला, जोडून निर्धास्त होणे. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या एका तरुणाने राहत्या खोलीतच एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू डिंकासह दाबून केलेल्या फळीचे) कपाट करायला घेतले होते. जमिनीवर धूळ दिसत नव्हती, पण त्याला रात्री खोकला येई आणि पॉलिशचा हात कितीही निगुतीने मारला तरी सकाळी फळी खरखरीत लागे. दोष पॉलिशचा समजून त्याने डबा बदलला, मग ब्रश बदलला. मी गेलो तेव्हा खोलीतले दिवे घालवले, व्हॅक्यूम सुरू करायला सांगितले आणि हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर बॅटरीचा झोत आडवा धरला. त्या झोतात पिठासारखी भुकटी सरळ बाहेर उडताना दिसली. कापडी पिशवी जाड भुसा अडवत होती, बारीक धूळ मात्र खोलीभर पसरत होती, आणि डोक्यावर पंखा जोरात फिरत असल्यामुळे ती धड खालीही बसत नव्हती.

यावर मी सुचवतो तो उपाय खर्चाचा आहे, पण त्याला पर्याय नाही. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असलेलाच व्हॅक्यूम घ्यावा. हवा गरगर फिरवून जाड भुसा आधीच बादलीत पाडणाऱ्या, बादलीवर बसवायच्या सायक्लोनने फिल्टर लवकर तुंबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. अतिबारीक धूळ तो अडवत नाही, त्यामुळे नुसता सायक्लोन लावून पैसे वाचवण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. सँडपेपरची भोके सँडरच्या भोकांवर नीट जुळवावीत, कारण ती झाकली गेली तर चांगला व्हॅक्यूमही धूळ ओढू शकत नाही. काम चालू असताना छताचा पंखा बंद, घराकडचे दार बंद आणि खिडकीतला एक्झॉस्ट चालू, ही माझी कायमची पद्धत आहे. पॉलिश मी दुसऱ्या दिवशीच करतो, तेही ओलसर फडक्याने टेबल पुसून घेतल्यावर.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. सँडर थांबला की नवशिके लगेच मास्क गळ्यात ओढतात आणि झाडू हातात घेतात. म्हणजे हवेत धूळ सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी नाक उघडे पडते. मशीन थांबल्यावर निदान अर्धा तास मास्क काढू नये. मास्क एन-95 असावा आणि चेहऱ्याला घट्ट बसावा. कापडी मास्कच्या कडांतून धूळ आत शिरते, आणि दाढीवर तर कोणताच मास्क नीट बसत नाही.

कोरडा झाडू या खोलीत ठेवूच नये. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे तितकेच वाईट. व्हॅक्यूमचा पाइप लांब असला की ओढ कमी होते, तेव्हा तो गरजेपुरताच ठेवावा. पावसाळ्यात मशीनच्या लोखंडी टेबलावर भुसा रात्रभर राहिला तर तो दमट हवेतले पाणी धरतो आणि खाली गंज चढतो, म्हणून जून ते सप्टेंबर टेबल रोजच्या रोज पुसावे.

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी भुशाच्या डब्यात कधीही टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा करून टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी मोकळ्या हवेत उलगडून वाळत घालावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.