इतिहासाच्या संशोधन-प्रकल्पाला मार्गदर्शन करताना या चुका टाळा

आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या शालेय डिप्लोमाच्या इतिहास विषयात २०१७ च्या परीक्षेपासून लागू झालेल्या आराखड्यानुसार विद्यार्थ्याला २,२०० शब्दांच्या मर्यादेत एक स्वतंत्र संशोधन लिहावे लागते. त्याच्या २५ गुणांपैकी ६ गुण साधनांच्या चिकित्सेला, १५ मुख्य विवेचनाला आणि ४ चिंतनाला असतात. हे काम विद्यार्थ्याचे असले, तरी त्यातले पुष्कळसे गुण शिक्षकाच्या पहिल्या दोन-तीन निर्णयांवर ठरतात, आणि नेमके तेच निर्णय घाईत घेतले जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न तयार होण्याआधीच विषयाला मान्यता देणे. ‘पुण्यातील प्लेग’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. एवढ्यावर होकार दिला की कच्चा मसुदा ज्ञानकोशातील नोंदीसारखा येतो आणि त्यात घटना असतात, पण युक्तिवाद नसतो. अशा वेळी भाषा दुरुस्त करत बसू नये; प्रश्नाकडे परत जावे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि २२ जून रोजी पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, या साडेचार महिन्यांत पुणेकरांचा असंतोष मुख्यतः सैनिकांनी केलेल्या घरझडतीमुळे वाढला का, असे विचारले की दोन बाजू उभ्या राहतात आणि पुरावा तोलावा लागतो. या प्रश्नाचे वेगळे उत्तर देणारा माणूस कोणता पुरावा पुढे करील, असे विद्यार्थ्याला विचारून पाहावे. त्याला काहीच सुचले नाही, तर प्रश्न अजून कच्चा आहे.

प्रश्न चांगला असूनही काम अडते, ते साधने हाती नसल्यामुळे. चिकित्सेसाठी निवडलेली दोन साधने प्रत्यक्ष वाचून झाल्याशिवाय अंतिम मान्यता देऊ नये. मोडी कागदपत्रांचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु लिपी न येणाऱ्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांत ती वाचता येणार नाही, हे त्याला वेळीच आणि स्पष्ट सांगावे. उलट, घरी मराठी बोलणारी मुले केवळ इंग्रजी पुस्तकांवर विसंबतात आणि ‘केसरी’चे १८९७ मधील अंक उघडतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रशासनाचा अहवाल आणि त्याच महिन्यातील मराठी वृत्तपत्र शेजारी ठेवले की विवेचन आपोआप खोल होऊ लागते.

चिकित्सेत तर एक वाक्य हमखास येते: ‘हे साधन पक्षपाती असल्यामुळे विश्वसनीय नाही.’ येथे शिक्षकाने थांबवलेच पाहिजे. दामोदर चापेकर यांनी कैदेत लिहिलेले आत्मवृत्त घरझडतीत नेमके काय घडले याचा तटस्थ पुरावा म्हणून अपुरे पडेल, परंतु हल्ला करणाऱ्याने आपल्या कृतीचा अर्थ कसा लावला, हे सांगायला त्याहून जवळचे साधन मिळणार नाही. साधनाचे मूल्य प्रश्नानुसार बदलते. म्हणून उगम, हेतू आणि आशय यांविषयीचे प्रत्येक विधान विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रश्नाला जोडले आहे का, एवढेच तपासावे.

मसुद्यावर अभिप्राय एकदाच देता येतो. तो एकेका वाक्यावर खर्च केला तर काम शिक्षकाचे होते. म्हणून शब्द बदलून न देता कोणत्या परिच्छेदात पुरावा नाही आणि कोठे निष्कर्ष प्रश्नापासून दूर गेला आहे, ते दाखवावे.

चिंतनाचा भाग अखेरच्या संध्याकाळी लिहिला, तर त्यात ‘मला खूप शिकायला मिळाले’ याखेरीज काही उरत नाही. पहिल्या आठवड्यापासून वही ठेवायला लावावी: कोणते साधन मिळाले नाही, कोणते मत बदलले, कशामुळे बदलले. लेखन विद्यार्थ्याचेच आहे का अशी शंका आली, तर आरोप करण्याआधी ती वही समोर ठेवून दहा मिनिटे बोलावे. ज्याने साधने स्वतः वाचली आहेत, त्याला त्यांतील एखाद्या विसंगतीविषयी विचारले की तो बोलू लागतो.