चेलो शिकताय? सोलोच्या हट्टापायी होणाऱ्या या चुका टाळा

चेलो शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: मागे ऑर्केस्ट्रा, पुढे आपण आणि इंग्रज संगीतकार एल्गारचा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत एकट्याने वाजवायची रचना). सोलो जमलं नाही तर क्वार्टेट (चार वादकांचा संच) आणि शिकवण्या आहेतच, असं धरून चालणं ही पहिली चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी.

विल्यम प्लीथ (१९१६–१९९९) यांचंच बघा. लंडनचा हा वादक पोरवयातच लायप्झिगला चेलोवादक यूलियुस क्लेंगेल यांच्याकडे शिकला. सोलो कार्यक्रमही केले. पण पुढे चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत) आणि शिकवणं हेच त्यांनी आपलं मुख्य काम मानलं. अलेग्री क्वार्टेटचे ते पहिले चेलोवादक, शिवाय १९४८ ते १९७८ लंडनच्या गिल्डहॉल स्कूल या संगीतविद्यालयात शिक्षक. पुढे जगप्रसिद्ध झालेली चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे त्यांच्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती. १९६५मध्ये ऑर्केस्ट्रा-संचालक बार्बिरोलींसोबत तिने एल्गारचं जे गाजलेलं ध्वनिमुद्रण केलं, त्याचा पाया एका क्वार्टेटवादकाने घातला होता.

क्वार्टेटच्या तालमीला फक्त आपला पार्ट पाठ करून जाऊ नका. चेलोने नुसते खालचे सूर धरायचे असं वाटत असेल, तर हायडनचं क्वार्टेट, ओपस (रचना-क्रमांक) २०, क्रमांक २ ऐका: आरंभीची धून चेलोकडेच आहे. बेथोवनच्या ओपस ५९, क्रमांक १मध्येही तसंच. शूबर्टच्या क्विंटेटमधल्या (पाच वाद्यांच्या रचनेतल्या) अडाजिओत, म्हणजे संथ भागात, दुसरा चेलो बोटाने तारा छेडत राहतो. ती छेड जरा इकडेतिकडे झाली की मधल्या तिघांचे लांब सूर लगेच डळमळतात. म्हणून पूर्ण स्कोर (सगळ्यांचे पार्ट एकत्र असलेली प्रत) वाचा, इतरांच्या जागा पेन्सिलीने आपल्या पार्टवर लिहा. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बेसूर लागत असेल तर एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा ती खालून बांधा: आधी चेलोचा मूळ स्वर, त्यावर पंचम, गंधार सगळ्यात शेवटी.

शिकवताना आपली बोटांची ठेवण विद्यार्थ्यावर लादू नये. आपल्याला सोयीची पकड लहान हाताला दुखवू शकते. पूर्वी गजाच्या हाताच्या काखेत पुस्तक धरून वाजवायला लावत. विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी ती सक्ती झुगारली आणि हात मोकळा केला. आजही विद्यार्थी डाव्या अंगठ्याने चेलोची मान आवळतो. त्याला ओरडू नका, चार ओळी अंगठा उचलून वाजवायला सांगा. वजन दंडातून येतं हे त्याचं त्यालाच कळेल.

आणखी एक. ई ते एफ शार्प या स्वरांच्या आसपास एखादा स्वर घुरघुरला की विद्यार्थी गजाला दोष देत तासन्‌तास घालवतात. बहुतेकदा तो वुल्फ टोन असतो. चेलोच्या पेटीचं स्वतःचं कंपन त्या स्वराशी भिडतं. गुडघ्यांनी पेटी हलकेच दाबून पाहा. घुरघुर कमी झाली तर घोडीखालच्या (तारा टेकवणाऱ्या ब्रिजखालच्या) तारेवर वुल्फ एलिमिनेटर, म्हणजे ही घुरघुर दाबणारी छोटी नळी, बसवा आणि स्वर स्वच्छ होईपर्यंत थोडा थोडा सरकवत राहा.