फिशटँकमधला चपळ मासा पकडायचा तर

जाळी हातात घेण्याआधी हीटर बंद करा. पाणी उपसावं लागणार आहे, आणि तापलेला काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. तडकलेल्या हीटरमध्ये वीज चालू असताना पाण्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं. प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं तो निवू द्या, मगच पाणी कमी करायला घ्या. फिल्टरही बंद करावा लागतो, पण त्याच्या स्पंजमधल्या उपयोगी जिवाणूंना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन मिळत असतो, म्हणून त्याला फार वेळ बंद ठेवू नका. सगळं काम तासाभरात आटपेल अशा बेतानेच हात घाला.

मासा जाळीत येत नाही याचं कारण त्याच्या अंगातच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा असते आणि तिच्यामुळे पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला जाणवते. जाळी जितकी जोरात फिरवाल तितकं पाणी तिच्यापुढे ढकललं जातं, म्हणजे जाळी पोचण्याआधी तिची वर्दी पोचलेली असते. माशाशी वेगात बरोबरी करायला जाऊच नये. त्याची जागा कमी करत न्यावी आणि आपला हात संथ ठेवावा. मी गप्पीपासून सकरपर्यंत सगळे मासे याच दोन गोष्टींवर पकडत आले आहे.

माझ्या टँकमधला एक टायगर बार्ब एंजल माशाच्या लांब परांचे लचके तोडायचा. त्याला हलवणं भागच होतं, आणि बार्बसारखा चलाख मासा क्वचितच दुसरा असेल. जाळी दिसली की सगळी टोळी रोपांच्या मागे. म्हणून मी जाळी टँकच्या कोपऱ्यात नुसती टांगून ठेवली आणि काही दिवस खाणं तिच्या तोंडाशीच टाकत राहिले. आधी कोणी जवळ येईना. मग एकेक जण दाणा उचलून पळायला लागला आणि शेवटी सगळे जाळीच्या आत शिरून खाऊ लागले. पकडायच्या आदल्या दिवशी खाणं दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बार्ब आत शिरल्यावर जाळी सावकाश वर उचलली, एवढंच. हातात वेळ असेल तर मी नेहमी हीच पद्धत सुचवते, कारण यात एक रोपही उपटावं लागत नाही आणि बाकीच्या माशांना काही कळतसुद्धा नाही.

घाई असेल, मासा आजारी असेल किंवा दुसऱ्याला मारत असेल, तर आडवा पडदा वापरा. टँकच्या आतल्या रुंदीएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची शीट कापा आणि तिला भरपूर भोकं पाडा, नाहीतर पाण्याचा दाब तिला पुढे सरकू देणार नाही. आधी दगड, लाकूड आणि खोटी रोपं बाहेर काढा, पाणी एक तृतीयांशावर आणा. मग हवा तो मासा पुढच्या बाजूला असताना शीट एका टोकाकडून हळूहळू सरकवत न्या. शेवटी तो वीतभर जागेत उरतो आणि जाळीचं काम काही सेकंदांचं राहतं.

शीट नसेल तर दोन जाळ्या घ्या. मोठी जाळी काचेला टेकवून स्थिर धरायची आणि लहान जाळीने माशाला तिच्याकडे वळवायचं. नवशिक्यांचा हात इथे उलटा चालतो: मोठी जाळी हलते आणि लहान थांबते. घाबरलेले बहुतेक मासे खाली सूर मारतात, म्हणून मोठ्या जाळीची कड तळाला टेकलेली हवी. झेब्रा डॅनियोचं मात्र वेगळं. तो पृष्ठभागालगत पळतो आणि सरळ बाहेर उडी मारतो. डॅनियो पकडताना झाकणाचा फक्त हात जाईल एवढाच भाग उघडा.

अंधाराचाही उपयोग होतो. माशांना पापण्या नसतात आणि बहुतेकांच्या बाहुल्या आपल्यासारख्या लहानमोठ्या होत नाहीत. उजेडाशी जुळवून घ्यायचं काम डोळ्यातला पडदा आतून करतो, आणि त्याला बराच वेळ लागतो. दिवे बंद करून दोन-तीन तास गेले की दिवसा फिरणारे मासे एका जागी तरंगत असतात. मंद टॉर्च लावली तर काही क्षण ते गोंधळलेले राहतात आणि तेवढ्यात जाळी खालून आणता येते. टँकचा मोठा दिवा एकदम लावू नका, दचकून मासे काचेवर आपटतात.

कुहली लोच, कोरिडोरास आणि सकर या तळाशी राहणाऱ्या माशांच्या बाबतीत मात्र जाळी हा उपाय मला मुळीच पसंत नाही. लोच वाळूत शिरतो आणि जाळीच्या कडेखालून निसटतो. त्याच्यासाठी बाटलीचा सापळा करा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा गळ्याकडचा भाग कापा, झाकण काढा आणि तो भाग उलटा करून बाटलीतच बसवा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, म्हणजे अंग खरचटत नाही. बाटलीला तापलेल्या सुईने भोकं पाडा, कारण आतल्या माशाला ताजं पाणी मिळायलाच हवं. आत दोन खडे आणि बुडणारी गोळी टाका, आणि दिवे बंद करताना बाटली तळाशी आडवी ठेवा. थोड्या थोड्या वेळाने बघत राहा, रात्रभर ठेवून झोपू नका.

सकर, कोरिडोरास आणि क्लाउन लोच यांना काटे असतात. कोरिडोरास आणि सकरच्या परांमध्ये, तर क्लाउन लोचच्या डोळ्याखाली. घाबरले की ते काटे ताठ करतात आणि जाळीच्या विणीत अडकतात. अडकलेला मासा ओढू नका. जाळी नव्या पाण्यात बुडवून सोडून द्या, बहुतेक वेळा तो आपला आपण सुटतो. नाहीच सुटला तर कात्रीने जाळी कापा. जाळी दुसरी मिळते, मोडलेला पर बरा व्हायला फार वेळ जातो. सकर लाकडाच्या पोकळीत बसला असेल तर लाकूड उचलून पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा आणि वाट बघा, तो तिथे बाहेर येईल.

मोठा मासा जाळीतून हवेत उचलू नका. जाळीत आला की पाण्यातच जाळीखाली पारदर्शक डबा धरा आणि मासा पाण्यासकट डब्यात घ्या. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या जाळीला घासला की तो निघून येतो. म्हणून जाळी आणि हात आधी ओले करा.

दहा मिनिटांत मासा हाती लागला नाही तर थांबा. पाठलागात माशाचे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात आणि शरीरात लॅक्टिक आम्ल साठतं. दमलेला मासा पकडल्यावर ठीक दिसतो आणि काही तासांनी मरू शकतो. कल्ले भराभर हलायला लागले, रंग फिका पडला, की दिवे बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

पकडलेल्या माशाची बादली त्याच टँकच्या पाण्याने भरा, तिच्यावर झाकण घाला आणि हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा) सोडा. टँकमध्ये परत घालायचं पाणी क्लोरिन घालवलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं असावं. हीटर पूर्ण बुडाल्यावरच चालू करा. बाहेर काढलेलं प्रत्येक लाकूड, दगड आणि फिल्टरचा स्पंज मागे लावण्याआधी नीट तपासा. कुहली लोच हमखास त्यातल्या एखाद्या भोकात असतो, आणि मोजणी कमी भरली तर आधी तिथेच शोधा.