छोट्या पिस्तुलाची छोटी साइट: नव्या परवानाधारकांसाठी

परवाना ठाणे आयुक्तालयाचा असो की नवी मुंबईचा, कागदपत्रांबद्दल मी इथे काही सांगत नाही. त्या वाटेने तुम्ही आलेलेच आहात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचा दाखलाही काढला असेल. तो दाखला शस्त्र सुरक्षित हाताळता येतं याचा आहे, नेम लागतो याचा नाही. आणि ३२ बोअरचं अंगावर बाळगायचं पिस्तूल नेमाच्या बाबतीत फार कठोर आहे.

याचं कारण त्याची साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या वर असलेल्या खुणा: पुढे एक उभा दांडा, मागे एक खाच. कपड्यात अडकू नये म्हणून ती मुद्दामच बुटकी ठेवतात. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या १९१० च्या ब्राउनिंग पिस्तुलात तर स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर, एक खोबण आहे आणि इवल्याशा दोन्ही साइट्स त्या खोबणीतच बसवल्या आहेत. मागची साइट डावी-उजवीकडे सरकवायला स्क्रू नाही, पांढरा ठिपका नाही. नौपाड्यातलं सराफीचं दुकान बाबांच्या मागे मी सांभाळते, परवाना त्यासाठीच घेतला. रेंजवर पहिल्यांदा हात लांब केला तेव्हा पुढची साइट मला दिसतच नव्हती. ती हतबलता अजून आठवते, म्हणून हे लिहिते आहे.

आता खरा सापळा. साइट नीट दिसेना की नजर आपोआप टार्गेटवर जाते. टार्गेट मोठं, स्पष्ट, ओळखीचं. वाटतं, नळी त्याच्याकडे आहे ना, मग झालं. पण हिशोब करून बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर अशा पिस्तुलात साधारण ११ सेंटिमीटर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला जाते. उलट दोन्ही साइट्स एका रेषेत आहेत आणि फक्त हात डुलतोय, म्हणजे ती जुळलेली जोडी टार्गेटवर दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे फिरतेय, तर चूक दोन सेंटिमीटरचीच. हाताचं डुलणं डोळ्याला मोठं दिसतं आणि माणूस त्याला घाबरतो. मनगटाचं ते मिलिमीटरभर वळणं दिसत नाही, आणि गोळी तेच भरकटवतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन गोष्टींपैकी स्पष्ट फक्त पुढची साइट हवी. टार्गेट धूसर झालं तरी चालेल. खरं तर ते धूसर व्हायलाच हवं. "ताई, टार्गेट पळून जात नाही, साइट पळते," असं आमचे सर म्हणायचे.

हात डुलतो म्हणून कोणी नाउमेद होऊ नका. प्रत्येकाचा डुलतो, पदक मिळवणाऱ्यांचाही.

माझा आग्रह असा की सुरुवात एअर पिस्तुलावर करा. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि त्यात घालायचा छर्रा, म्हणजे पेलेट, काडतुसापुढे अगदीच स्वस्त. साइट्समधलं अंतर ३० सेंटिमीटरच्या पुढे, कडा धारदार, त्यामुळे साइट्स जुळणं म्हणजे काय ते डोळ्याला कळतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमलाही सुटतो. खिशातल्या पिस्तुलाचा बराच जड असतो, आणि शेवटच्या क्षणी तो खेचला की जुळलेली साइट फिसकटते. म्हणून आधी हलक्या ट्रिगरवर डोळा शिकवा, मग जड ट्रिगरवर बोट.

लेझर लावून घ्या असं सांगणारे भेटतील. सुरुवातीला तरी ऐकू नका. तो लाल ठिपका नाचताना दिसतो, आपण त्याच्या मागे धावतो आणि तो बरोबर आला की ट्रिगर झटकतो. पुढच्या साइटला चमकता रंग फासणंही मला पटत नाही, कारण कड फुगीर दिसते. नेमबाज साइटवर कापराची काजळी धरतात ती चकाकी जाऊन कड रेखीव दिसावी म्हणून. आणि शिकवणारा निवडताना त्याच्या भिंतीवरची पदकं मोजू नका. तुम्ही गोळी झाडता तेव्हा तो कागदाकडे बघतो की तुमच्या मनगटाकडे, एवढंच बघा.

घरी कोरडा सराव, म्हणजे गोळी न भरता नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, करायचा तर पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. आपल्याकडे फ्लॅटची भिंत म्हणजे शेजाऱ्याच्या मुलांच्या खोलीची भिंत. यात सवलत नाही, एका दिवसाचीही नाही. मन अस्वस्थ असेल त्या दिवशी पिस्तुलाला हातच लावू नका.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो आणि पुढची साइट त्याच्याही बरीच पुढे, लांब केलेल्या हाताच्या टोकाला. वाचायच्या आणि लांबचं बघायच्या, दोन्ही चष्म्यांत ती अस्पष्टच दिसते आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देत राहतो. दोष हाताचा नाही, काचेचा आहे. हात लांब करून डोळ्यापासून मुठीच्या थोडं पुढेपर्यंतचं अंतर घरी कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या. पिस्तूल दुकानात न नेता तो आकडा चष्मेवाल्याला सांगा आणि नेम धरता त्या डोळ्यासाठी तेवढ्याच अंतराची काच मागा.